बलाढ्य संघ, परके मैदान आणि गोलांचे गणित

उद्या आपला संघ आपल्याहून कितीतरी बलवान अशा संघाशी खेळणार आहे, आणि तोही त्याच्याच मैदानावर. खेळावे कसे? फुटबॉलवर जीव असलेली चार माणसे जिथे जमतील तिथे हा वाद ठरलेलाच. कोल्हापूरच्या पेठांत तो होतो, मडगावला होतो, कोलकात्याला तर भर रस्त्यात होतो. एक पक्ष म्हणतो, सगळे खेळाडू आपल्या गोलपुढे उभे करा, गोल होऊ देऊ नका, बरोबरी मिळाली तरी गंगेत घोडे न्हाले. दुसरा पक्ष म्हणतो, छे! भिऊन खेळलात की हरलातच. चढाई हाच उत्तम बचाव. दोन्ही पक्षांकडे उदाहरणांची कमतरता नसते आणि आवाजाची तर नसतेच नसते. त्यामुळे वाद सुटत नाही, फक्त चहा संपतो.

हा वाद भौतिकीच्या माणसाकडे सोपवला तर तो काय करील? तो आधी मोजायला लागेल. आपणही तेच करू. मात्र त्यासाठी एक खराखुरा सामना समोर ठेवलेला बरा.

१० सप्टेंबर २०१९ रोजी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारताला दोहा येथे कतारशी खेळायचे होते. कतार त्या वेळी आशियाचा विजेता होता. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला अबुधाबीत त्याने जपानला ३-१ असे हरवून आशिया चषक जिंकला होता. त्या संपूर्ण स्पर्धेत कतारने १९ गोल केले आणि अवघा एक स्वीकारला. दोहाच्या सामन्याच्या पाच दिवस आधी त्याने अफगाणिस्तानचा ६-० असा धुव्वा उडवला होता. त्याच दिवशी गुवाहाटीला भारत ओमानविरुद्ध ८१ मिनिटांपर्यंत १-० असा पुढे होता आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाऊन १-२ असा हरला होता. भरीस भर म्हणजे भारताचा हुकमी गोल करणारा सुनील छेत्री तापामुळे दोहाला खेळू शकणार नव्हता. आता सांगा, प्रशिक्षक इगॉर स्टिमाच यांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? बचाव की चढाई? गुवाहाटीचे उदाहरण दोन्ही पक्षांना उपयोगी पडत होते. एक म्हणे, शेवटपर्यंत नीट दार लावले नाही म्हणून हरलो. दुसरा म्हणे, दार लावून बसलो म्हणूनच हरलो.

निकाल काय लागला ते अनेकांना ठाऊक असेल. नसेल त्यांनी थोडा धीर धरावा. आधी गणित.

फुटबॉलचे इतर खेळांहून मोठे वेगळेपण म्हणजे गोल ही फार विरळ घटना आहे. २०१४, २०१८ आणि २०२२ या तीन विश्वचषक स्पर्धांत प्रत्येकी ६४, म्हणजे एकूण १९२ सामने झाले. त्यांत अनुक्रमे १७१, १६९ आणि १७२, म्हणजे एकूण ५१२ गोल झाले. सामन्यामागे सरासरी २.६७. बावीस धट्टीकट्टी माणसे दीड तास धावतात, शेकडो वेळा चेंडू एकमेकांकडे देतात, आणि त्यातून निष्पन्न होतात ते दोन-तीन गोल! शिवाय गोल कोणत्या मिनिटाला होईल हे कोणालाच सांगता येत नाही.

विरळ आणि अमुक वेळीच होईल असे सांगता न येणाऱ्या घटना भौतिकीला नव्या नाहीत. किरणोत्सर्गी पदार्थाच्या एखाद्या तुकड्यात कोणता अणू केव्हा फुटेल हे कोणालाही सांगता येत नाही. मात्र अमुक वेळात सरासरीने किती फुटतील हे बिनचूक सांगता येते. १९१० साली मँचेस्टर येथे अर्नेस्ट रदरफर्ड आणि हान्स गायगर यांनी यावर एक चिकाटीचा प्रयोग केला. पोलोनियममधून बाहेर पडणारे अल्फा कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळले की बारीकशी ठिणगी चमकते. या ठिणग्या सूक्ष्मदर्शकातून मोजायच्या. साडेसात सेकंदांचा एक, असे २,६०८ कालखंड त्यांनी मोजले. त्यांत मिळून १०,०९७ ठिणग्या दिसल्या, म्हणजे दर खंडात सरासरी ३.८७. पण एखाद्या खंडात आठ-दहा दिसत आणि एखाद्या खंडात एकही नाही. एकही ठिणगी न दिसलेले खंड ५७ निघाले. गणिताने वर्तवलेली संख्या होती ५४!

हे गणित सीमेआँ देनी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाचे. १८३७ साली न्यायालयांच्या निर्णयांवर लिहिलेल्या एका ग्रंथात त्याने ते मांडले होते. किरणोत्सर्गाचा शोध किंवा आजचा फुटबॉल यांतले काहीही तेव्हा जन्माला आलेले नव्हते. बारावीच्या वर्गात किरणोत्सर्ग शिकवताना मी हे सूत्र फुटबॉलवर लावून दाखवतो, तेव्हा शेवटच्या बाकांवरही जाग येते. सूत्राची सिद्धता तुम्हांला पुढे महाविद्यालयात मिळेल. वापरायला मात्र शाळेतला गुणाकार पुरतो.

समजा, एखादा संघ सामन्यामागे सरासरी २ गोल करतो. ९० मिनिटांत २ गोल, म्हणजे कोणत्याही एका मिनिटात गोल होण्याची संभाव्यता ९० मध्ये २, अर्थात ४५ मध्ये १. त्या मिनिटात गोल न होण्याची संभाव्यता ४५ मध्ये ४४. एकही गोल न होता सामना संपायचा तर सगळीच्या सगळी ९० मिनिटे अशी कोरडी जायला हवीत. म्हणून ४४ भागिले ४५ ही संख्या नव्वद वेळा स्वतःशी गुणायची. गणकयंत्र असेल तर करून पाहा, उत्तर ०.१३२ येते. मिनिटांऐवजी सेकंद घेतले तर ते थोडे सरकून ०.१३५ होते आणि तिथे स्थिरावते. म्हणजे सरासरी २ गोल करणारा संघही शंभरांतल्या सुमारे १४ सामन्यांत भोपळा घेऊन परततो.

पुढचे पाऊल त्याहून सोपे आहे. शून्य गोलांच्या संभाव्यतेला सरासरीने, म्हणजे २ ने, गुणले की एका गोलाची संभाव्यता मिळते : ०.२७१. तिला २ ने गुणून २ ने भागले की दोन गोलांची : पुन्हा ०.२७१. मग २ ने गुणून ३ ने भागायचे : ०.१८०. मग २ ने गुणून ४ ने भागायचे : ०.०९०. असेच पुढे. सरासरी बदलली की गुणायचा आकडा बदलतो, भागायचे आकडे तेच राहतात. सरासरी १ असेल तर भोपळ्याची संभाव्यता ०.३६८ येते, एका गोलाची तेवढीच, आणि दोन गोलांची ०.१८४.

पण माणसे म्हणजे अणू नव्हेत. त्यांना राग येतो, दम लागतो, ती घाबरतात. मग हे सूत्र फुटबॉलला लागू पडेल कसे, अशी शंका कोणी काढली तर ती रास्तच आहे. म्हणून पडताळा पाहू. वर सांगितलेल्या १९२ विश्वचषक सामन्यांत सामन्यामागे सरासरी २.६७ गोल झाले. या सरासरीने ०-० सुटणारे सामने किती असावेत? सूत्र म्हणते, १३. प्रत्यक्षात किती होते? जादा वेळ धरून आणि शेवटचे पेनल्टीचे फटके सोडून, २०१४ मध्ये ७, २०१८ मध्ये अवघा १, आणि २०२२ मध्ये ७. एकूण १५. एकेका स्पर्धेत आकडा हेलकावे खातो, पण तिन्ही एकत्र घेतल्यावर सूत्राच्या पुष्कळच जवळ येतो. सूत्र हुबेहूब नाही, पण टाकाऊही नाही.

आता मूळ वादाकडे वळू. समजा बलवान संघाची सरासरी २ आणि दुबळ्या संघाची १. परके मैदान, प्रवासाचा शीण, प्रेक्षकांचा गोंगाट हे सगळे या आकड्यांत आधीच धरले आहे असे माना. गोंगाटाचा परिणाम खरोखरच होतो. २०२० च्या मे महिन्यात महासाथीमुळे जर्मनीतील सामने रिकाम्या मैदानांत सुरू झाले, तेव्हा यजमान संघांच्या विजयांचे प्रमाण चांगलेच घसरले होते.

दोघांचे गोल एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरले, तर ०-० होण्याची संभाव्यता म्हणजे ०.१३५ गुणिले ०.३६८, अर्थात सुमारे ०.०५. याच रीतीने १-०, ०-१, १-१, २-१ असा एकेक निकाल काढायचा आणि बलवान जिंकला, बरोबरी झाली, दुबळा जिंकला अशा तीन पेट्यांत टाकत जायचे. काम कंटाळवाणे आहे, पण अवघड मुळीच नाही. बेरीज केल्यावर शंभर सामन्यांचा हिशेब असा येतो : बलवानाचे विजय ६१, बरोबरी २१, दुबळ्याचे विजय १८.

इथेच पहिली गंमत आहे. दुप्पट गोल करणारा संघसुद्धा शंभरांत ३९ वेळा जिंकू शकत नाही! फुटबॉलमध्ये इतके अनपेक्षित निकाल का लागतात याचे निम्मे उत्तर या एका ओळीत आहे.

आता दुसरे पाऊल. दुबळ्या संघाने खेळाची गती मारली असे समजा. चेंडू बाहेर गेला की सावकाश आणायचा, आपसांत आडवे पास द्यायचे, गोलपुढे गर्दी करायची, चढाईला एकदोघेच पाठवायचे. त्यामुळे दोन्ही बाजूंचे गोल निम्म्यावर आले : बलवान १, दुबळा अर्धा. बलवान अजूनही दुप्पटच बलवान आहे, हे ध्यानात ठेवा. उलट, खेळ खुला आणि वेगवान केला तर दोन्ही सरासऱ्या दुप्पट होतील : ४ आणि २. तिन्ही प्रकारांतले शंभर सामने शेजारी शेजारी मांडू.

वेगवान खेळ (४ आणि २) : बलवान जिंकेल ७३, बरोबरी १२, दुबळा जिंकेल १५.
नेहमीचा खेळ (२ आणि १) : बलवान जिंकेल ६१, बरोबरी २१, दुबळा जिंकेल १८.
संथ खेळ (१ आणि अर्धा) : बलवान जिंकेल ४७, बरोबरी ३५, दुबळा जिंकेल १८.

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. गती निम्मी केली तरी दुबळ्याचे विजय तसेच राहिले. जे घटले ते पराभव, आणि ते सगळे बरोबरीच्या पेटीत जाऊन पडले. नुसता ०-० हा निकालच शंभरांत ५ वरून २२ वर गेला. गती आणखी निम्मी केली तर बरोबरी अर्ध्याहून अधिक सामन्यांत होते; पण तेव्हा दुबळ्याचे विजयही १४ वर उतरतात. रेटारेटी फार केली की खेळच बंद पडतो.

असे का होते? नाणे फेकून पाहण्याचा अनुभव आठवा. नाणे दहा वेळा फेकले तर सात छापे सहज पडू शकतात. हजार वेळा फेकले तर सातशे छापे पडणार नाहीत, पैज लावा! प्रसंग जितके जास्त, तितका योगायोगाचा वाटा कमी. याचे मोजमाप असे : घटनांची संख्या चौपट केली तर खरा फरक चौपट होतो, पण योगायोगाचा पसारा फक्त दुप्पट, म्हणजे चाराच्या वर्गमुळाइतकाच वाढतो. प्रयोगशाळेत लंबकाची पन्नास आंदोलने मोजायला सांगितली की मुले कुरकुरतात. कारण हेच आहे. मोजमापे पुष्कळ घेतली की चुका एकमेकींत जिरतात आणि खरा आकडा वर येतो. बलवान संघ हा त्या खऱ्या आकड्यासारखा असतो. त्याला सामना लांबलचक आणि गोलांनी भरलेला हवा असतो. दुबळ्याला नेमके उलटे हवे असते.

कबड्डी घ्या. तिथे एका सामन्यात साठ-सत्तर गुण सहज होतात. सरासरीने एक संघ ४० आणि दुसरा २० गुण मिळवणारा असेल, तर याच ढोबळ हिशेबाने दुसऱ्याला शंभरांत एक विजयही मुश्किलीने मिळेल. बळाचे प्रमाण तेच, दोनास एक. फुटबॉलमध्ये शंभरांत अठरा विजय, कबड्डीत जवळजवळ शून्य. कबड्डीपटूंनी रागावू नये; हा त्यांच्या खेळाचा गौरवच आहे.

एवढे ऐकून बचाव पक्षवाले टेबलावर मूठ आपटतील. त्यांना क्षणभर थांबवू, कारण चढाई पक्षाचे उत्तर यायचे आहे आणि तेही वजनदार आहे. ते म्हणतील, 'दोन्ही बाजूंचे गोल सारखेच निम्मे होतात हे तुम्ही गृहीत धरलेत. तसे होते कशावरून? आपण सगळे गोलपुढे गोळा झालो, तर आपली चढाई जवळजवळ संपते. त्यांची मात्र चालूच राहते. चेंडू सारखा आपल्याच गोलपाशी घोटाळत राहतो आणि कधीतरी कोणाच्या तरी पायाला लागून आत जातोच.'

हेही मोजू. समजा असा कोंडून घेतलेला बचाव केल्यावर त्यांची सरासरी २ वरून १.२ वर आली, पण आपली १ वरून ०.४ वर घसरली. म्हणजे आता ते दुपटीऐवजी तिपटीने बलवान झाले. शंभर सामन्यांत त्यांचे विजय ५७, बरोबरी ३१, आपले विजय १२. नेहमीच्या खेळाशी तुलना करा. पराभव ६१ वरून ५७ वर आले खरे, पण विजयही १८ वरून १२ वर आले.

मग हा सौदा फायद्याचा की तोट्याचा? ते गुण कसे देतात यावर ठरते! पूर्वी विजयाला २ आणि बरोबरीला १ गुण असे. इंग्लंडच्या साखळी स्पर्धेत १९८१ पासून आणि विश्वचषकात १९९४ पासून विजयाला ३ गुण मिळू लागले. जुन्या पद्धतीने नेहमीच्या खेळाचे शंभर सामन्यांत ५७ गुण होतात आणि कोंडलेल्या बचावाचे ५५, फरक नावालाच. नव्या पद्धतीने ७५ आणि ६७. फरक डोळ्यांत भरतो. आणि दोन्ही बाजू सारख्याच मंदावणाऱ्या संथ खेळाचे? तब्बल ८९! वाद घालणाऱ्यांनी खरे तर एकमेकांना हा प्रश्न विचारायला हवा : आपल्या डावपेचामुळे त्यांची चढाई ज्या प्रमाणात मंदावेल, त्याच प्रमाणात आपली मंदावते की त्याहून अधिक? बचाव करणे आणि खेळाची गती मारणे या एकच गोष्टी नव्हेत. चेंडू आपल्या पायांत ठेवूनही गती मारता येते. किंबहुना तीच उत्तम रीत, कारण चेंडू आपल्याकडे असताना त्यांना गोल करता येत नाही. पण चेंडू पायांत ठेवायलाही कसब लागते आणि दुबळ्या संघापाशी नेमके तेच कमी असते. अडचण आहे ती ही.

या दृष्टीने २००४ ची युरोपीय स्पर्धा पाहण्याजोगी आहे. ग्रीसचा संघ तिथे कोणाच्या खिजगणतीत नव्हता. जर्मन प्रशिक्षक ऑटो रेहागेल यांनी त्याला घट्ट, संथ, प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला चिकटून राहणारा खेळ शिकवला. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सवर १-०, उपांत्य फेरीत झेक प्रजासत्ताकावर जादा वेळेत १-०, आणि ४ जुलैला लिस्बन येथे यजमान पोर्तुगालवर अंतिम सामन्यात पुन्हा १-०. तीन सामन्यांत मिळून तीनच गोल, आणि तिन्ही ग्रीसचे. तो खेळ रटाळ होता असे पुष्कळांनी म्हटले. पाहायला तो रटाळ होता हे मलाही मान्य आहे. पण गती मारूनही स्वतःची चढाई मरू द्यायची नाही, हे अवघड काम त्याने साधले होते. त्याच्या वाट्याला कॉर्नर किंवा बाजूने आलेला उंच चेंडू असे थोडेच प्रसंग येत, आणि त्यांची तयारी चोख असे. कोष्टकातली तिसरी ओळ ती हीच. नशीब त्यात नव्हते असे मात्र समजू नका. शंभरांत अठरा म्हणजे काही शंभर नव्हेत.

आणि दोहा? भारताने तो सामना ०-० असा बरोबरीत सोडवला. कतारने गोलवर फटक्यांचा भडिमार केला. गोलरक्षक आणि त्या दिवशीचा कर्णधार गुरप्रीत सिंग संधू याने ते एकामागून एक अडवले. त्याच्यापुढे संदेश झिंगन आणि गोव्याचा आदिल खान हे मधले बचावपटू पाय रोवून उभे होते. भारतीय संघ नुसता कोंडून बसला नाही. अधूनमधून त्यानेही प्रतिहल्ले केले आणि त्यामुळे कतारला सगळी माणसे पुढे पाठवता आली नाहीत. या एका सामन्याने बचाव पक्षाचे म्हणणे सिद्ध झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. एक ठिणगी मोजून अणूचा नियम कळत नाही. ३ जून २०२१ रोजी दोहा येथेच दोन्ही संघ पुन्हा भेटले. तेव्हा सतराव्या मिनिटाला भारताच्या राहुल भेके याला तांबडे कार्ड मिळाले, उरलेला सामना दहा जणांनिशी खेळावा लागला, आणि कतार १-० असा जिंकला. दार लावले तरी शंभरांत ४७ वेळा पराभव होतोच, तो असा.

आता वादात बहुधा सुटून जाणारी एक बाजू. आतापर्यंत आपण सामना सुरू होण्यापूर्वीचा विचार केला. पण समजा ७५ मिनिटे झाली आहेत आणि आपण ०-१ असे मागे आहोत. उरली १५ मिनिटे. संथ खेळ चालू ठेवला तर निदान बरोबरी साधण्याची संभाव्यता शंभरांत ७. नेहमीचा खेळ खेळलो तर ११. आणि सगळे पुढे धावलो तर? त्यात आपली सरासरी १ वरून २ होईल, पण मागचे अंगण मोकळे पडल्याने त्यांची २ वरून एकदम ५ होईल असे धरू. म्हणजे सौदा उघड उघड तोट्याचा. तरीसुद्धा बरोबरी साधण्याची संभाव्यता १४ निघते, संथ खेळाच्या दुप्पट! कारण ०-१ हरलो काय आणि ०-३ हरलो काय, गुण शून्यच. गमावण्यासारखे उरलेलेच नसते. (गटात गोलांच्या फरकावर क्रम ठरणार असेल तर गोष्ट निराळी.) मघाशी योगायोगाचे प्रसंग कमी करण्यात शहाणपण होते, आता वाढवण्यात आहे. शेवटच्या मिनिटाला कॉर्नर मिळाला की गोलरक्षकसुद्धा समोरच्या गोलपाशी धावत जातो आणि आपल्याला हसू येते. हिशेब त्याच्या बाजूने असतो.

या सूत्राच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ते धरून चालते की गोलांना आठवण नसते, झालेल्या गोलाचा पुढच्या गोलावर परिणाम होत नाही. अल्फा कणांच्या बाबतीत हे खरे आहे, माणसांच्या बाबतीत पूर्णपणे नाही. ८ जुलै २०१४ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलवर ब्राझीलमध्येच २३ व्या ते २९ व्या मिनिटांत चार गोल चढवले आणि सामना ७-१ असा जिंकला. प्वासाँच्या सूत्राला असे दरड कोसळणे सहसा जमत नाही. एका गोलाने धीर सुटला आणि पुढचे गोल सोपे झाले, हे तिथे सरळ दिसते.

दुसरी मर्यादा परक्या मैदानाची. मघाशी आपण सगळे काही 'सरासरीत धरले आहे' असे म्हणून मोकळे झालो. पण ती सरासरी ठरवायची कशी? बोलिव्हियाचे ला पाझ हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या जेमतेम दोन-तृतीयांश. दर श्वासाबरोबर प्राणवायू कमी मिळतो, म्हणून पाहुण्यांना लवकर दम लागतो. विरळ हवेत चेंडूला अडथळाही कमी होतो, त्यामुळे तो नेहमीपेक्षा लांब जातो आणि कमी वळतो. गोलरक्षकाचा सगळा अंदाज चुकतो. १ एप्रिल २००९ रोजी मॅराडोना प्रशिक्षक आणि मेस्सी संघात असलेल्या अर्जेंटिनाला तिथे बोलिव्हियाने ६-१ असे हरवले. इतर ठिकाणी बलवान कोण आणि दुबळा कोण हे सांगायला नको. ला पाझला मात्र आकड्यांची अदलाबदल करावी लागते. अशा वेळी सूत्र चूक नसते, आपण त्यात घातलेली सरासरी चूक असते.

वरचे आकडे माझ्या शब्दावर विश्वासून मान्य करू नका. शाळेत तुम्ही स्वतः 'सामने' खेळून पाहू शकता. दोन फासे घ्या. ९० मिनिटांचे पाच-पाच मिनिटांचे १८ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यासाठी दोन्ही फासे एकदा फेकायचे. बेरीज ५ आली तर बलवान संघाचा गोल, ३ आली तर दुबळ्याचा, दुसरे काहीही आले तर गोल नाही. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी बेरीज ५ चार प्रकारांनी येते आणि ३ दोन प्रकारांनी. म्हणून १८ फेकींत सरासरीने बलवानाचे २ गोल होतात आणि दुबळ्याचा १. संथ सामना हवा असेल तर १८ ऐवजी ९ फेकी करायच्या. वर्गात चाळीस मुले असतील आणि प्रत्येकाने दोन्ही प्रकारांचे पाच-पाच सामने खेळले, तर दोन तासिकांत दोनशे पूर्ण आणि दोनशे संथ सामने होतात. शिक्षकांनी फळ्यावर दोन रकाने करून विजय, बरोबरी आणि पराभव नोंदवावेत. सरासऱ्या बदलून पाहायच्या असतील तर बेरजा बदला. उदाहरणार्थ, बलवानासाठी ५ ऐवजी ७ घेतली की १८ फेकींत त्याची सरासरी ३ होते. पहिले दहा-वीस सामने झाल्यावर फळ्यावरचे आकडे इथल्या कोष्टकाशी मुळीच जुळणार नाहीत. शंभरच्या पुढे गेल्यावर ते कसे जुळू लागतात, तेवढे बारकाईने पाहा.